खाटेपाशी तपासली जावी अशी गोष्ट

ऑगस्ट २०१९ मध्ये एमबीबीएसला आलेल्या तुकडीपासून देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ‘एटकॉम’ शिकवायला सुरुवात झाली. डॉक्टरची वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या तिन्हींना अभ्यासक्रमात जागा देणारा हा भाग. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने आदल्या वर्षी त्याची २७ घटकांची पुस्तिका काढली होती: रुग्णाशी कसे बोलावे, संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, रुग्णाने विश्वासाने सांगितलेले कसे राखावे. तेव्हापासून या भागाविरुद्ध एक सूर सतत ऐकू येतो, आणि तो बहुधा ज्येष्ठ प्राध्यापकांचा असतो. चांगले बोलणे घरच्या संस्कारांतून येते, उरलेले अनुभव शिकवतो, असे ते म्हणतात. एका ओपीडीत शेकड्यांनी माणसे येतात तिथे खासगीपणा ही चैन आहे, असे म्हणतात. आणि आपल्याकडे रुग्ण एकटा नसतो, त्याच्यासोबत कुटुंब असते, तेव्हा गोपनीयतेची ही सगळी कल्पना परकी आहे, असेही म्हणतात. हे म्हणणारे लोक बेफिकीर नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तम डॉक्टर घडवले आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की रुग्णाशी बोलणे आणि त्याचे बोलणे झाकून ठेवणे ही छातीला स्टेथोस्कोप लावण्याइतकीच वैद्यकीय कौशल्ये आहेत. ती रुग्णाच्या खाटेपाशीच शिकली जातात, आणि त्यात नापास होणारा विद्यार्थी परीक्षेतही नापास होणार असेल तरच शिकली जातात.

‘आधी निदान आणि उपचार नीट शिकवा, बोलण्याचे नंतर पाहू’ हा आक्षेप आधी घेऊ, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे आहेत. १९७५ मध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांत डॉक्टरांचे पत्र वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकून केलेले निदानच शेवटपर्यंत टिकले. शारीरिक तपासणीने निदान बदलले ते सात जणांत, प्रयोगशाळेच्या चाचण्यांनी आणखी सात जणांत. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सीटी सर्वत्र पोचले, एमआरआय आले, रक्ताच्या चाचण्यांची यादी लांबली. पण कोणता स्कॅन कोणाचा करायचा हे आजही हकिकतीवरच ठरते, आणि हकिकत किती खरी मिळणार हे ती कुठे, कोणासमोर आणि किती मोठ्या आवाजात विचारली जाते त्यावर ठरते. पोटात दुखते म्हणून आलेली विशीतली अविवाहित मुलगी घ्या. टेबलाशी दोन डॉक्टर दोन रुग्ण तपासत आहेत, मागे रांग आहे, शेजारी मावशी उभी आहे, आणि ‘पाळी कधी आली होती? संबंध आले होते का?’ हे प्रश्न रांगेला ऐकू जातील अशा आवाजात येतात. ती ‘नाही’ म्हणणार. केसपेपरवर तसेच लिहिले जाणार, गर्भधारणेची चाचणी मागवली जाणार नाही, आणि गर्भनलिकेतला गर्भ फुटेपर्यंत ती दुखण्याच्या गोळ्यांवर राहू शकते. पुस्तकातले निदान त्या डॉक्टरला तोंडपाठ असेल, पण त्याच्यापर्यंत नेणारी माहिती त्याने स्वतःच्या आवाजाने बंद केलेली असते. मालक शेजारी बसलेला असताना फिट्‌स येतात हे न सांगणारा ट्रकचालक आणि सासूसमोर आधीचा गर्भपात न सांगणारी सून यांच्या बाबतीतही हेच घडते. त्यामुळे निदान आधी आणि गोपनीयता नंतर हा क्रमच मुळात चुकीचा आहे.

आता संस्कारांचा मुद्दा. ‘मुलगा चांगल्या घरातला असेल तर त्याला हे शिकवावे लागत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी वॉर्डात काय शिकवले जाते ते पाहायला हवे. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’वर लिहिले. वर्गात जे शिकवले जाते त्यापेक्षा मार्गिकेत, कँटीनमध्ये, राउंडमध्ये जे दिसते तेच विद्यार्थी आत्मसात करतो, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या वॉर्डात विद्यार्थ्याला दिसते ते असे: रुग्ण नावाने ओळखला जात नाही, बारा नंबरचा लिव्हर म्हणून ओळखला जातो. फाइलवर किंवा तोंडी ‘रेट्रो’ म्हटले की एचआयव्हीबद्दल सगळ्या वॉर्डाला कळते, मदतनीस मावशी-मामांनाही. पंधरा जण खाटेभोवती उभे राहतात, प्रोफेसर पोटावरचा कपडा बाजूला करून ‘इथे हात लावून बघा’ म्हणतात, आणि रुग्णाला आपण कोण, कशासाठी आलो हे सांगितले जात नाही. चांगली फाइंडिंग असलेल्या केसचा फोटो युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, कधी केसपेपरवरच्या नावासकट. हे वाईट हेतूने होत नाही. काम सोपे व्हावे, शिकायला मिळावे म्हणूनच होते. पण वीस वर्षांच्या मुलाने घरून कितीही संकोच आणला असला, तरी तो इथे दोन वर्षांत उतरतो. अमेरिकेत मोहम्मदरझा होजात आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षात लक्षणीय घटते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा ते वॉर्डात रुग्णांमध्ये जाऊ लागतात. परदेशातल्या आकड्यांवरून आपला निष्कर्ष काढू नये हे मान्य. पण संस्कार वॉर्डात आपोआप टिकतात असे म्हणणाऱ्याकडे त्याच्या बाजूचा पुरावा कुठे आहे? हे घडणे फक्त आपल्याकडचे नाही हेही सांगायला हवे. १९९५ मध्ये पीटर युबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या लिफ्टमध्ये २५९ फेऱ्या मारून कर्मचाऱ्यांचे बोलणे ऐकले. ३६ फेऱ्यांत अनुचित बोलणे कानावर आले, आणि त्यातले सर्वांत जास्त रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग करणारे होते. सुस्थितीतल्या रुग्णालयांतही ही सवय आपोआप सुटत नाही.

अनुभवाने सगळे येते, या समजुतीला तर थेट उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ३४ कर्करोग केंद्रांतल्या १६० तज्ज्ञांवर यादृच्छिक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. हे सगळे वर्षानुवर्षे रुग्ण पाहणारे लोक होते. तीन दिवसांच्या सरावपूर्ण प्रशिक्षणानंतर त्यांचे प्रत्यक्ष रुग्णाशी बोलणे सुधारले. ज्यांना प्रशिक्षणाशिवाय केवळ लेखी अभिप्राय दिला, त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. वरिष्ठतेने आणि काळाने संवादाच्या अडचणी सुटत नाहीत, हाच त्या अभ्यासाचा बोध आहे. दुसरा पुरावा कॅनडातला. तिथे तेव्हा परवान्याच्या राष्ट्रीय परीक्षेत संवादकौशल्याला गुण असत. रॉबिन टॅम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ दरम्यान ही परीक्षा दिलेल्या ३,४२४ डॉक्टरांचा पुढची वर्षे मागोवा घेतला. ज्यांचे संवादाचे गुण कमी होते त्यांच्याविरुद्ध नियामक संस्थेकडे जास्त तक्रारी आल्या. म्हणजे परवाना मिळतानाची उणीव पुढे व्यवसायातही तशीच राहिली. ती परीक्षेत ओळखता येत होती आणि वेळेत दुरुस्तही करता आली असती. आपल्याकडे डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांचा विषय इथे निघतो. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आणि नंतर राज्यभरातल्या निवासी डॉक्टरांनी घेतलेली सामूहिक रजा लोकांना आठवत असेल. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही, आणि खाटा-कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याचा राग ड्युटीवरच्या मुला-मुलींवर निघतो हेही खरे. पण मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यायची हे ज्याला कोणीच शिकवले नाही त्या पंचविशीतल्या निवासी डॉक्टरला रात्री तीन वाजता एकट्याने पुढे करणे हा त्याच्यावरचाही अन्याय आहे.

वेळेच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. ६७ देशांतल्या सल्ल्याच्या वेळेचा आढावा २०१७ मध्ये बीएमजे ओपनमध्ये आला, त्यात भारतातली सरासरी सुमारे दोन मिनिटांची होती. दोन मिनिटांत कोणीही आदर्श संवाद करू शकत नाही. डॉक्टरांची संख्या वाढवणे, ओपीडीत खोल्यांच्या जागी खोल्या आणि पडद्यांच्या जागी पडदे देणे हे सरकारचे काम आहे, आणि ते न करता नुसते प्रशिक्षण देणे म्हणजे दोष विद्यार्थ्यावर ढकलणे. तरीही ‘वेळ नाही’ या उत्तराने जितके झाकले जाते तितके त्यात नसते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रुग्णालयात वुल्फ लँगेविट्झ यांनी २००२ मध्ये ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता पहिले बोलणे पूर्ण करू दिले. सरासरी ९२ सेकंद लागले, आणि ७८ टक्के रुग्णांचे दोन मिनिटांच्या आत संपले. रुग्ण बोलू लागला की थांबतच नाही, ही भीती बरीचशी निराधार आहे. शिवाय गोपनीयतेच्या बऱ्याच गोष्टींना वेळ लागतच नाही. आवाज खाली आणायला, नातेवाइकाला ‘दोन मिनिटे बाहेर थांबता का?’ म्हणायला, पडदा ओढायला, रिपोर्ट टेबलावर उलटा ठेवायला, फोटोतून नाव कापायला वेळ नव्हे, सवय लागते, आणि सवय शिकतानाच लावावी लागते. गर्दीची ओपीडी हे प्रशिक्षण टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट दोनच मिनिटे मिळणार असतील, तर त्या दोन मिनिटांत काय विचारायचे आणि काय मोठ्याने विचारायचे नाही, याचा सराव जास्तच हवा.

सर्वांत जास्त टाळ्या मिळवणारा आक्षेप आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आहे. गोपनीयता पाश्चात्त्यांची असेल तर चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायाचे काय करायचे? तिथे शिष्याला दीक्षा देताना गुरू सांगतो की रुग्णाच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नये. रुग्णाचा अंत जवळ आला आहे हे कळले तरी ते जिथे सांगितल्याने रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे सांगू नये. हा उपदेश स्थिरावलेल्या वैद्यासाठी नव्हे, शिकायला आलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि शिक्षणाच्या आरंभीच दिला आहे. एटकॉम नेमके तेच करू पाहते. आणि आजचे कुटुंब? गावातल्या आरोग्य केंद्रात कोणी ओळखेल म्हणून क्षयाची किंवा मानसिक आजाराची औषधे दुसऱ्या तालुक्यातून आणणारी माणसे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना खासगीपणा नको असता तर त्यांनी एसटीचे भाडे का भरले असते? रुग्णासोबत आलेला माणूस नेहमी त्याच्या हिताचाच असतो हेही गृहीत धरता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या होत्या. उचल घेतलेल्या जोडप्यातली बाई मुकादमाच्या गाडीतून दवाखान्यात येते आणि अंगावरून पांढरे जाते याबद्दल त्याच्यादेखत बोलायचे असते, तेव्हा कुटुंबाचा आणि परंपरेचा हवाला तिच्या काय उपयोगाचा? मुलगा ‘वडिलांचे निदान आधी मला सांगा’ म्हणतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणे जितके उद्धट, तितकेच वडिलांना न विचारता ‘हो’ म्हणणे चुकीचे. वडिलांनाच विचारायचे: ‘काका, रिपोर्ट आल्यावर कोणाशी बोलू? तुमच्याशी, मुलाशी, की दोघांना बसवून?’ कुटुंबाला किती आत घ्यायचे हे रुग्ण ठरवतो. हे विचारता येणे हेच शिकवायचे आहे.

साध्या विवेकबुद्धीवर हे सोडता येत नाही, याचे आणखी एक कारण कायदा आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्णाचे गुपित फोडायला मनाई केली, पण न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार हे अपवाद ठेवले. १९९८ मध्ये ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्हीबाबतही हे कर्तव्य मान्य करून ते निरपवाद नाही असे सांगितले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने पुढे पायऱ्या नेमून दिल्या. जोडीदाराला धोका आहे असे वाटले, तर आधी रुग्णाचे समुपदेशन करायचे, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री झाल्यावर आपण सांगणार आहोत हे त्याला कळवायचे, आणि मगच जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून सांगायचे. १८ वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपातात बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना माहिती देणे बंधनकारक आहे. पण सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिची ओळख उघड करायची गरज नाही असे स्पष्ट केले. समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी काय टाकावे आणि काय टाकू नये याबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू राहिली. इतके बारकावे चांगल्या घरातला मुलगा घरून शिकून येत नाही. रात्रपाळीच्या कॅज्युअल्टीत पोलीस हवालदार आणि मुलीचे वडील दोघेही टेबलाशी उभे असताना काय सांगायचे आणि काय नाही, हे आधी चार वेळा करून पाहिलेले असायला हवे.

रुग्णांना इतके जपले तर विद्यार्थी शिकणार कोणावर, हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्यात एक अवघड सत्य दडले आहे. आपल्याकडे शिकवण्यासाठी वापरले जाणारे शरीर बहुतेक वेळा सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या गरिबाचे असते. बंद दाराच्या खोलीचे भाडे भरणाऱ्याच्या पलंगाभोवती पंधरा विद्यार्थी उभे राहत नाहीत. उपचार मोफत मिळतात, म्हणून अंग उघडे करायची तयारी गृहीत धरली जाते. ही किंमत कोणी कधी ठरवली नाही, आणि रुग्णाला ती सांगितलेलीही नसते. खाटेपाशी शिकवणे बंद करा असे मी म्हणत नाही. त्याला पर्याय नाही. रुग्णाला विचारून शिकवा, हे म्हणणे आहे. आपण कोण आहोत, किती जण आहोत, तुम्ही नाही म्हटलात तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्याला कळेल अशा मराठीत सांगा. रुग्णासमोर तपासणीची चर्चा करा, पण लैंगिक इतिहास, व्यसन, मृत्यूची शक्यता यांची चर्चा वॉर्डाबाहेरच्या खोलीत न्या. अवघड संभाषणांचा पहिला सराव तर खऱ्या रुग्णावर व्हायलाच नको. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात प्रशिक्षित ‘नकली रुग्ण’ वापरायला सुरुवात केली, रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडीत टप्प्याटप्प्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली. दोन्ही आज जगभर रुळल्या आहेत. आणि मराठी बोलीत बोलू शकणारे नट आपल्याकडे काय कमी आहेत? नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत हौशी नाट्यमंडळे आहेत. अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत तक्रार सांगणारा माणूस समोर बसला, तर पुस्तकी मराठीतला ‘उदरशूल’ निरुपयोगी ठरेल आणि ‘पोटात कळ येते का?’ असे विचारायला विद्यार्थी शिकेल. अखिल भारतीय कोट्यातून येणाऱ्या, मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तर हे अत्यावश्यकच आहे. त्यांच्यासाठी दुभाषा म्हणून आज जो नातेवाईक किंवा वॉर्डातला मामा उभा राहतो, त्याच्या कानावर नको ते सगळे जाते.

एटकॉमच्या विरोधकांचे एक म्हणणे मात्र खरे आहे: आज ते बऱ्याच ठिकाणी औपचारिकतेपुरते उरले आहे. सभागृहात स्लाइड दाखवल्या जातात, लॉगबुकवर सही होते, तास संपतो. यावरून विषयच निरर्थक आहे असा निष्कर्ष ते काढतात, आणि तिथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. २०१९ च्या नियमावलीत ही कौशल्ये प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत तपासली जावीत असे स्पष्ट म्हटले होते. तिथे ती गंभीरपणे तपासली गेली नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनीही ती गंभीरपणे घेतली नाहीत. शिवाय एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला शिकवून नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना वगळले, तर गळती तशीच राहते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली यांपैकी अनेक अभ्यासक्रम येतात, त्यामुळे एकत्र प्रशिक्षणाची सोय आपल्याकडे लवकर होऊ शकते.

अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लाँग केस सादर करताना विद्यार्थ्याने पडदा ओढला का, नाव सांगून परवानगी घेतली का, नातेवाइकांसमोर काय बोलला, याला स्वतंत्र गुण असावेत आणि त्यात किमान उत्तीर्णता असावी. त्यासाठी आधी परीक्षकांना तयार करावे लागेल, कारण आज परीक्षकच रुग्णाच्या पायाशी उभे राहून त्याला ऐकू जाईल असे निदान आणि आयुर्मान विचारतात. विभागप्रमुखांच्या राउंडचेही वर्षातून एकदा सहकाऱ्यांनी निरीक्षण करावे. आणि परीक्षेसाठी बसवलेल्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी कोणीतरी बाजूला घेऊन विचारावे: तुम्हाला विचारून हात लावला का, सांगितलेले समजले का, जे तुम्हाला कोणाला कळू द्यायचे नव्हते ते कोणाला कळले का. त्याच्या उत्तराचे गुण निकालपत्रकात धरावेत.